परक्या भूमीवरील अशोकस्तंभ



फ्रान्स देशाच्या उत्तर भागात नव्ह शापेल नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्या खेड्याबाहेरच्या चौरस्त्यावर एक वर्तुळाकार प्रांगण असून त्यात सुमारे १५ मीटर उंचीचा एक दगडी स्तंभ उभा आहे. सम्राट अशोकाने भारतभर उभारलेल्या स्तंभांवरून त्याची घडण घेतलेली आहे. स्तंभाच्या माथ्यावर कमळ आहे. परंतु त्या कमळावर ब्रिटिश साम्राज्याचा मुकुटही बसविलेला आहे. दोन्ही बाजूंस दोन वाघ कोरलेले आहेत. पहिल्या महायुद्धात त्या आघाडीवर मेलेल्या आणि ज्यांची कबर वा समाधी कोठेच नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची व मजुरांची नावे तेथील भिंतीवर कोरलेली आहेत.

हे लोक तेथे का मेले? २८ ऑक्टोबर १९१४ रोजी जर्मनांनी घेतलेले हे गाव परत मिळविण्यासाठी ४७ वी शीख पलटण आणि मुंबई सॅपर्सच्या दोन कंपन्या पुढे गेल्या. या सॅपर्सचे ठाणे आपल्या पुण्याजवळच्या खडकीस होते. पूल बांधणे व खंदक खणणे हे ज्यांचे काम, त्यांनी संगिनी लावून घरोघर झुंज दिली आणि त्यांतील पुष्कळ जण परतले नाहीत. पुढे १० ते १३ मार्च १९१५ या दिवसांत तेथे मोठी लढाई झाली. गाव हाती आले. पण त्या चार दिवसांत हिंदी सैन्याचे ४,००० हून अधिक लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. ज्या देशाचे नावही त्यांच्या आईबापांनी कधी ऐकले नव्हते, त्या देशाच्या चिखलात ते पडले.

स्मारकाचे उद्घाटन ७ ऑक्टोबर १९२७ रोजी झाले. साम्राज्याने या माणसांना आपल्या कामासाठी नेले, हे सत्य त्या मुकुटाने झाकले जात नाही. तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तेथे साध्या शिपायाचे व साध्या मजुराचेही नाव दगडावर आहे. आता दुसरीकडे पाहा. त्याच युद्धात मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसरा येथे स्मारक झाले. तेथे गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. परंतु साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या लिहिली. मरण एक, मापे दोन! युद्धातील मृतांच्या स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने अखेर एप्रिल २०२१ मध्ये हा भेद कबूल केला व त्याबद्दल क्षमा मागितली. आशिया व आफ्रिका खंडांतील ४५,००० ते ५४,००० मृतांची स्मृती अशा असमान रीतीने राखली गेली, असे त्याच्याच अहवालात नमूद आहे. शंभर वर्षांनंतर आलेली ही कबुली त्या शिपायांच्या विधवांच्या काय उपयोगाची?

नाव आणि संख्या यांत एवढा भेद का मानावा, असे कोणी विचारील. याचे उत्तर आपल्याला भीमेच्या काठी मिळते. कोरेगावच्या स्तंभावर १८१८ साली पडलेल्या महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली, तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली केलेल्या अर्जात आपल्या लोकांच्या जुन्या लष्करी सेवेचा दाखला दिला. १ जानेवारी १९२७ रोजी पूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभासमोर उभे राहिले. दगडावर जर केवळ संख्या असती, तर ते शिपाई आमचे होते हे आम्ही कशाच्या आधारे सांगितले असते? नाव हा हक्काचा पुरावा आहे. संख्येला वारस नसतो.

आणि पुरावा असूनही हक्क टिकतोच असे नाही. युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली आणि ती मोडण्यात आली. म्हणून पुरावा जपणारा समाजही जागा असावा लागतो.

आता पुन्हा त्या स्तंभाकडे वळू. त्याची घडण अशोकाची आहे. पण अशोकाची शिकवण काय आहे? कलिंगच्या युद्धात एक लक्ष माणसे मारली गेली व दीड लक्ष माणसे कैद करून नेली गेली, हे त्या विजयी राजाने स्वतःच शिलालेखात नोंदविले आणि त्याबद्दल पश्चात्ताप प्रकट केला. शत्रूच्या मृतांचेही दुःख त्याने आपले मानले. युद्धाची स्मारके गर्वासाठी असू नयेत, ती करुणेसाठी असावीत, हाच त्याचा अर्थ होय.

बंधु-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे पलटणीत, गोदीत, रेल्वेच्या कामावर राबले. त्यांच्यासाठी कोणी स्तंभ उभारलेला नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना विचारा, जुन्या पेट्या उघडा, पेन्शनचे कागद व पदके जपा. एका वहीत आपल्या पूर्वजांची नावे, गाव आणि काम लिहा. आजीचे व पणजीचेही नाव लिहा. आपल्या लेकरांना ते नाव मोठ्याने वाचावयास सांगा. परक्या गावाने परक्यांची नावे शंभर वर्षे जपली. आपण आपल्यांची जपू नयेत काय?

जय भीम!