मानेखालची त्वचा

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, हैदराबादेत प्रॅक्टिस करते. आज चेहऱ्याबद्दल बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकते. चेहऱ्याबद्दल बोलणाऱ्यांची काही कमी नाही.

भाजलेला पेशंट आला की किती टक्के अंग भाजलंय याचा आम्ही एक ठोकळ हिशेब करतो. त्यात डोकं, चेहरा आणि मान मिळून ९ टक्के धरतात. नुसती पाठ आणि कंबर १८ टक्के. दोन्ही पाय मिळून ३६. आता तुमच्या बाथरूममधल्या बाटल्या आठवा. त्या ९ टक्क्यांसाठी किती आणि बाकीच्या ९१ साठी किती? बाकीच्यांच्या वाट्याला बहुतेक एक साबणाची वडी येते, आणि तीही घरभर एकच.

साबणापासूनच सुरुवात करू. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ५. नेहमीच्या साबणाच्या वडीचा पीएच ९ ते १० असतो. घाम, तेल, मळ साठतो त्या जागांना साबण हवाच: काखा, जांघा, पावलं. पण हात, पिंढऱ्या, पोट रोज दोनदा खसाखसा घासायचं कारण नाही, तिथे पाणी पुरतं. नडगीवर थंडीत माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे दिसतात ना, ते मळाचे नसतात. ती कोरडी त्वचा असते. मळ समजून तुम्ही वजरी घेऊन मागे लागता, आणि ती आणखी फुटते. वजरी टाचेसाठी आहे, तिथेच राहू द्या.

इंदूर-दिल्लीकडच्यांनी थंडीत कढत पाण्याचा मोह आवरावा. कोमट पाणी, थोडक्यात आंघोळ, अंग टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच तेल किंवा मॉइश्चरायझर लावायचं. पाणी आत अडकवायचं असतं, म्हणून ही घाई. खोबरेल तेल उत्तम. महागडी बाटली घेतलीत तर माझी हरकत नाही, पण गरजही नाही. लहान बाळाला मात्र उत्तरेकडच्या शेजाऱ्यांचं पाहून मोहरीचं तेल चोळू नका, नाजूक त्वचेला ते झोंबतं. आणि चेन्नई-मुंबईच्या दमट हवेत खोबरेलाचा थर देऊन घट्ट जीन्स चढवलीत, तर पुढची गोष्ट तुमचीच आहे.

ती गोष्ट गजकर्णाची. नायटा म्हणा हवं तर. मला आज खरं बोलायचंय ते याबद्दल.

एक मुलगी आईबरोबर आली होती, वय वीसच्या आसपास. जांघेत खाज. घरी सांगायची लाज, म्हणून मैत्रिणीकडून एका ट्यूबचं नाव घेतलं आणि मेडिकलमधून आणली. दोन दिवसांत खाज थांबली. लावणं सोडलं की परत. पुन्हा ट्यूब. असे आठ महिने. माझ्याकडे आली तेव्हा नायटा पोटापर्यंत पसरला होता आणि मांड्यांवर आतल्या बाजूला बोटभर रुंद, लाल-जांभळे चरे पडले होते. बाळंतपणात पोटावर पडतात तसे. आई म्हणाली, “डॉक्टर, लग्नापर्यंत जातील ना हे?” काकू, नायटा जाईल. चऱ्यांचा रंग फिका होईल. पण चरे पुरते जायचे नाहीत.

अशा ट्यूबमध्ये तीन-चार औषधं एकत्र असतात: बुरशीचं, जंतूंचं आणि एक जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, म्हणजे बरं झाल्यासारखं वाटतं. पण त्याच वेळी ते त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं, त्यामुळे बुरशीला मोकळं रान मिळतं. शिवाय त्वचा पातळ होते. शरीराची सगळी त्वचा सारखी शोषत नाही. स्टेरॉइड किती आत जातं हे १९६७ सालीच मोजलं गेलं होतं. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत वृषणाच्या त्वचेतून बेचाळीस पट शोषण झालं. तळहाताला चालणारं मलम जांघेत का चालत नाही, ते यावरून कळावं.

सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असं केलं. काउंटरवर काय घडतं ते तुम्ही-आम्ही जाणतोच. म्हणून ट्यूब हातात घेतली की मागचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर नायट्यावर लावू नका. एक्झिमासारख्या आजारांत हीच औषधं फार उपयोगी पडतात, त्यामुळे डॉक्टरांनी दिली असतील तर घाबरून सोडूही नका. किती लावायचं, तर तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ, साधारण अर्धा ग्रॅम. ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.

नायट्याची आणखी एक अडचण. हल्ली आपल्याकडे जी बुरशी जोरात आहे ती टर्बिनाफिनला बऱ्याचदा दाद देत नाही. म्हणजे मित्राची गोळी तुम्हाला लागू पडेलच असं नाही, आणि उपचार काही आठवडे, कधी त्याहून जास्त चालतो. डाग दिसेनासे झाले म्हणून मध्येच सोडू नका. घरात आणखी कुणाला खाजत असेल तर त्यांचेही उपचार एकाच वेळी करा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. आतले कपडे सुती, सैल, पूर्ण वाळलेले. पावसाळ्यात वाळत नसतील तर इस्त्री फिरवा. आंघोळीनंतर काखा, जांघा, स्तनांखालची घडी आणि पायाच्या बोटांमधल्या बेचक्या कोरड्या करा. घरातल्या आजोबांच्या बेचक्यांकडे कुणी बघत नाही. त्यांना वाकता येत नाही, आणि ते सांगत नाहीत.

त्यांना मधुमेह असेल तर तळवे रोज बघायला हवेत. संवेदना कमी झाली की खडा रुतलेला कळत नाही. आणि कोणाच्याही अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्यावर स्पर्श कळत नसेल, तर तो खाजत नाही म्हणून दुर्लक्ष करू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर नस जाते, आणि गेलेली नस सहसा परत येत नाही.

पाठ स्वतःला दिसत नाही. मोबाईलवर फोटो काढून घ्या किंवा घरच्यांना दाखवा.

आता प्रश्न घेते. बोलायची लाज वाटत असेल तर लिहून पाठवा, नाव नको. जांघेबद्दलचे प्रश्न आधी घेईन.