आधी दावा, मग रोपवन

(मेळाव्यात केलेले भाषण)



बायांनो, भावांनो, पाऊस बिघडला हे आपल्याला कोणी येऊन सांगायला नको. राब भाजायला रचला की अवकाळी पाऊस येतो. नागलीची आवणी करावी तर आठ-आठ दिवस पाण्याचा टिपूस नाही. धुराचे कारखाने आपले नाहीत, पण पहिला मार आपल्याच शेताला. म्हणून आम्ही म्हणतो, हा नुसता हवेचा प्रश्न नाही, न्यायाचा आहे.

शहरातले साथी विचारतात, हवामानासाठी तुमचा कार्यक्रम काय? आमचा पहिला कार्यक्रम जमिनीचा. का ते ऐका. खाणीसाठी, धरणासाठी एकीकडे जंगल तोडतात आणि त्याच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावतात. त्या पैशासाठी २०१६ साली कायदाही झाला. पण झाडं लावायला जागा कुठली शोधतात? जिथं आपली गुरं चरतात, जिथं आपण कसतो, तीच कागदावर ‘मोकळी’ दिसते. मग कुंपण येतं. तिकडे धूर तसाच, इकडे आपली वाट बंद.

काही पोरं म्हणतात, रोपवनात मजुरी मिळते. मिळते ना! पण खड्ड्यांची मजुरी एका हंगामाची, जमीन जाते ती पिढ्यांची.

२००६ च्या वनहक्क कायद्यात आपलं बळ आहे. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला उठवता येत नाही. जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ साली सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ साली बारा ग्रामसभा बसल्या. बाराही जणींनी खाणीला नाही म्हटलं.

तेव्हा गावी गेल्यावर तीन कामं करा. एक, राहिलेले दावे भरा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लेखी घ्या, तोही पुरावा धरतात. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. दोन, सामूहिक हक्काचा दावा करा. चराई, मोह, पाणवठे, देवाची जागा, सगळं नकाशात दाखवा. तीन, ग्रामसभेला विचारल्याशिवाय रोपवन नको, असा ठराव आजच करून ठेवा. ठरावावर बायांच्याही सह्या-अंगठे हवेत. जंगलात रोज जातात त्याच.

झाडं आम्हालाही हवीत. कोणती आणि कुठं, ते गाव ठरवील.

जल, जंगल, जमीन आमची!