यवतमाळची रात्र



पत्रिकेत माझा विषय 'शहराचं हवामान आणि शहरवासीयांचं मन' असा छापला आहे. विषय अवाढव्य आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगत आलो आहे. गावाबद्दलची माया रात्री जडते. दिवसाचं ऊन सगळीकडे भाजतंच. पण ज्या गावाची रात्र निवते, ते गाव माणसाला सुटत नाही.

मागचे दोन कूलर बंद करता येतील का? शेवटच्या रांगेत ऐकू येत नाही म्हणतात. (मागून 'नको, नको'. हशा.) बरं, राहू द्या, मी आवाज चढवतो. तुमच्या या 'नको'बद्दलच तर बोलायचं आहे!

आपल्या पठाराचा भूगोल तुम्हाला सांगायला नको. समुद्रसपाटीपासून यवतमाळ सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. नागपूर 310 च्या आसपास, अकोला त्याहून खाली, चंद्रपूर तर 190. हजार मीटर चढलं की हवा ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे चंद्रपूर आणि आपल्यात नुसत्या उंचीनेच दीड-पावणेदोन अंशांचा फरक पडतो. इंग्रजांच्या काळात या जिल्ह्याचं नाव होतं वूण, म्हणजे आपली वणी. 1905 मध्ये ते यवतमाळ झालं. पण साहेबाचं ठाणं त्याआधीपासून इथेच होतं. माझं मत विचाराल, तर त्यात इथल्या हवेचा वाटा होता. वणीकर कुणी आले असतील तर रागावू नका. (मागून 'आलोय ना!' हशा.) आलात, बरं झालं. तुमच्याकडे खोरं आहे, कोळशाच्या खाणी आहेत, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसते. तरी वणीबद्दल वाकडा शब्द तुम्ही ऐकून घेत नाही. ही माया कुठून येते, तोच तर प्रश्न आहे.

आत्ता इथून कुणीतरी म्हणालं, 'सर, पारा पंचेचाळीसला टेकतो आन् तुम्ही थंड हवेचं काय सांगता?' रास्त आहे. पंचेचाळीस हा आकडा खोटा नाही. पण तो दुपारी अडीच-तीनचा आकडा आहे. त्या वेळी शहाणा यवतमाळकर दुपट्टा बांधून सावली धरतो, नाहीतर घरात असतो. वर्तमानपत्रं कमाल तापमान पहिल्या पानावर ठळक छापतात आणि किमान कुठेतरी कोपऱ्यात टाकतात. मी उलटं म्हणतो. गाव कसं आहे हे किमान तापमान सांगतं. पहाटे पाचचा पारा बघा आणि मग गावाला नावं ठेवा.

इथल्या जुन्या उन्हाळी रात्री तुमच्यापैकी निम्म्यांना आठवत असतील. दिवस कलला की पोरं बादल्या घेऊन स्लॅबवर. पहिली बादली ओतली की चर्रकन आवाज, वाफ आणि ओल्या सिमेंटचा वास. दुसरी, तिसरी. मग स्लॅब पाणी पिणं थांबवतो आणि पाणी पन्हाळीकडे वाहायला लागतं. तेव्हा आई खालून ओरडते, 'पुरे झालं, पाणी काय फुकटचं हाय का!' आठाच्या सुमाराला सतरंज्या, त्यावर गाद्या, उशाशी सुरई. गादी सुरुवातीला कोमट लागते. दहा वाजता पश्चिमेकडून झुळूक सुरू होते. आणि पहाटे तीनला, भर मे महिन्यात, पायाशी घडी घालून ठेवलेली गोधडी माणूस झोपेतच अंगावर ओढून घेतो. ज्याने ती गोधडी ओढली, तो पुण्यात, मुंबईत, कुठेही फ्लॅट घेऊन राहिला तरी म्हणतो, 'आमच्याकडे हवा काय आहे!' दुपारच्या झळा तो सोयीने विसरतो. त्याला मी दोष देत नाही.

रात्र अशी का निवायची? उन्हाळ्यात आपलं आकाश कोरडं आणि मोकळं असतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री ती उष्णता सरळ आभाळाला परत देते. पठारावर माती उथळ, खाली मुरूम, भोवती वाऱ्याला मोकळं रान. ती लवकर निवते. पण जमिनीच्या जागी सिमेंटचा रस्ता आला, भिंतीला भिंत लागली, समोरचं घर तीन मजली झालं, की आभाळ दिसतं तेवढी चिंधी उरते आणि उष्णता गल्लीतच फिरत राहते. हे ज्ञान काही आजचं नाही. लंडनचा ल्यूक हॉवर्ड, ज्याने ढगांना आज चालतात ती नावं दिली, त्याने 1818 मध्ये लंडनच्या हवामानावर ग्रंथ काढायला घेतला. शहरातल्या आणि गावाबाहेरच्या नोंदी त्याने ताडून पाहिल्या. दिवसा फरक जवळपास नाही. रात्री मात्र शहर सरासरी दोन अंशांनी गरम! दोनशे वर्षांपूर्वी, एकही एसी नसताना. शहर रात्री बिघडतं, हे त्याने तेव्हा मोजून दाखवलं.

आणि आपल्या गावाचं तर सगळं वैभवच रात्रीचं आहे. आपला दुर्गोत्सव घ्या. कोलकात्याच्या खालोखाल आपलाच, असं आपण छाती काढून सांगतो. (टाळ्या.) टाळ्या वाजवा, पण तो तसा का रुजला याचा विचार करा. नवरात्रात पाऊस ओसरलेला असतो. दुपारी ऑक्टोबरचं ऊन चटका देतं आणि सूर्य मावळला की पठार निवतं. रात्री नऊला घराघरांतून माणसं निघतात. म्हाताऱ्या, कडेवरची लेकरं, नव्या सुना. आर्णीहून, दारव्ह्याहून, पांढरकवड्याहून गाड्या भरून येतात. दत्त चौकातून माणसांचा लोंढा हलत असतो. एक मंडळ, मग दुसरं, मधे कुठे आलुबोंडा, कुठे चहा. रात्री एक वाजता दहा वर्षांची मुलगी बापाचं बोट धरून भर रस्त्यावर चालते आणि तिला भीती वाटत नाही. एरवी ज्या रस्त्याने ती शाळेत जाते तो रस्ता त्या रात्री तिचा होतो. गाव आपलं आहे हे तिला नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून कळत नाही, या चालण्यातून कळतं. ते चालणं होतं, कारण हवा चालू देते. मूर्ती, देखावे, रोषणाई सगळं खरं. पण सगळ्यात मोठी वर्गणी आपल्या हवेची आहे. हे मी कार्यकर्त्यांना सांगतो तेव्हा ते हसतात. हसू द्या.

फार लांबलो. पण दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही.

ही रात्र सगळ्यांना सारखी मिळत नाही. टिनाच्या घरात राहणाऱ्याचं छप्पर दिवसभर तव्यासारखं तापतं आणि त्यावर झोपताही येत नाही. जुनी कवेलूची घरं यापेक्षा बरी होती. शेतकऱ्याचं तर हवेशी नातंच वेगळं. तुम्हाआम्हाला ढगाळ हवा आल्हाददायक वाटते, त्याला त्याच हवेत कपाशीवरची कीड दिसते. 2017 च्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्याला लागली होती, हवा दमट होती, फवारणीचं विष अंगावर आलं आणि या जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. चिलगव्हाणपासूनचा शेतकरी आत्महत्यांचा इतिहास मी इथे उगाळत नाही, तो तुम्ही जगला आहात. एवढंच म्हणतो, की बाहेरचा माणूस यवतमाळचं नाव काढताच हळहळतो आणि आपल्याला ते झोंबतं. झोंबायलाच हवं. पण 'आमची हवा छान' हे त्याला उत्तर होत नाही.

आणि 2018 चा उन्हाळा. निळोणा धरण आटलं, चापडोह धरण आटलं, नळ दोन-दोन आठवडे कोरडे. त्या उन्हाळ्यात यवतमाळकरांनी रात्र टँकरची वाट बघत काढली. स्लॅबवर ओतायला बादली कुठली? प्यायला नव्हती. त्या वर्षी पहिल्यांदा मी लोकांना मनापासून म्हणताना ऐकलं, 'आता इथं राहायचं नाही.' पंचेचाळीस अंशांनी जे कधी केलं नव्हतं, ते रात्र गेल्याने झालं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. अजून झाडांवर बोलायचं होतं, नागपूरचा महामार्ग चौपदरी होताना गेलेल्या जुन्या झाडांवर तर तासभर बोललो असतो. असो, मुद्द्याचं सांगतो.

दिवस 40 च्या वर असताना रात्रीचा पारा सरासरीपेक्षा साडेचार अंश चढला, की हवामान खातं तिला 'उष्ण रात्र' म्हणतं. तिची बातमी कमाल तापमानाच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा, ही संपादकांना विनंती. अहमदाबादने 2010 च्या उन्हाळ्यात माणसं गमावल्यावर 2013 मध्ये उष्णतेचा आराखडा केला, पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढरी रंगवली. चुना आपल्याकडेही मिळतो. टिनाच्या वस्त्यांपासून सुरुवात करा, बंगल्यांचं नंतर बघू. (टाळ्या.) सिमेंटचा रस्ता करताना कडेला हातभर माती सोडा आणि तिथे कडुनिंब लावा. आझाद मैदानासारखी मोकळी जागा कुणी बांधकामाला मागितली तर देऊ नका. तुमच्या घराची गल्ली त्याच जागेमुळे निवते.

आणि शेवटचं शाळांना. प्रत्येक शाळेने सावलीत एक तापमापक टांगावा. मुलांनी रात्री दहाचा आणि पहाटे पाचचा आकडा आलटून पालटून घरच्या तापमापकावर घ्यावा, शाळेच्या वहीत लिहावा. दारव्हा रोड, आर्णी रोड, जुनी वस्ती, नवी वस्ती, सगळीकडचा. पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत त्या वह्या घेऊन या. मी बोलणार नाही, मुलांना वाचू द्या, आणि नगराध्यक्षांना पहिल्या रांगेत बसवा.