जुना नगारा : ओळख आणि डागडुजी



जुन्नर-आंबेगावच्या मुलखात जुन्या वस्तूंची वाण नाही. शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे, नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख आहे. दगडाचे जुनेपण आपण ओळखतो, कारण ते आपल्याला शाळेपासून शिकविले जाते. पण देवळाच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली एखादा फाटक्या तोंडाचा नगारा पडलेला असतो, त्याचे जुनेपण कोणी विचारीत नाही. चैत्रातली यात्रा तोंडावर आली की त्याची आठवण होते, आणि मग बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. भांडे मोडीत विकले जाते, नाहीतर चिंच-विटकरीने घासून, वर प्लास्टिक ताणून ते चकचकीत केले जाते. मोडीत गेले तर वस्तूच गेली. घासले तर वस्तू राहिली, पण तिची साक्ष गेली. या दोन्ही गोष्टी टाळाव्या कशा, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

प्रथम ओळख पाहू. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. कातड्याने मढविलेले ते अवनद्ध. ढोल, डफ, हलगी, संबळ, ढोलकी व नगारा ही सारी या एकाच कुळातली भावंडे होत. पण भावंडांतही चेहरा वेगळा असतो. ढोल दोन्ही तोंडांना मढविलेला. संबळ म्हणजे दोन लहान भांड्यांची जोडी, गोंधळी ती कमरेला बांधून वाजवितो. नगाऱ्याला मात्र तोंड एकच, आणि खाली कढईसारखे मोठे, बंद बुडाचे भांडे.

आणखी एक वाद्य आपण कधीकधी जुना ढोल म्हणून दाखवितो. लाकडी पिंप, दोन्हीकडे कातडे, आणि ते ताणण्यासाठी लोखंडी आटे. हा इंग्रजी पलटणींच्या बँडबरोबर आलेला मोठा ढोल. गंमत अशी की युरोपनेही तो अठराव्या शतकात तुर्की जानिसारी फौजांच्या वाद्यांवरून उचलला. नगाऱ्याचीही तीच कथा. ‘नक्कारा’ हा शब्द अरबी, त्याच्या मुळाशी ठोकण्याचा अर्थ आहे. धर्मयुद्धांच्या काळात तो युरोपात गेला, आणि आपल्याकडे दरबाराबरोबर व फौजेबरोबर रुळला. अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही नगारखान्याची मोजदाद दिली आहे : सुमारे 18 जोड दमामे, 20 जोड नगारे आणि 4 ढोल. तेव्हा देवळातला नगारा हा केवळ देवाचा नव्हे, राजचिन्हाचाही वारस आहे.

आता वय कसे ओळखावे? पहिला नियम असा की कातड्यावरून भांड्याचे वय ठरवू नये. कातडे अनेकदा बदललेले असते, लाकडी घोडीही बदललेली असते. पाहावयाचे ते भांडे. हाताने ठोकलेला पत्रा सर्वत्र सारखा जाड नसतो. आतल्या बाजूस हातोडीचे ठसे रांगेने दिसतात. जुन्या तांबटाने दोन पत्रे जोडताना कडांना दाते पाडून ते एकमेकांत बसविलेले असतात व वर डाक दिलेला असतो. यंत्राचा पत्रा सरसकट सारखा असतो, आणि विजेच्या जोडकामाची रेघ वेगळी ओळखू येते. काठाखाली वादी घासून पडलेली झीज नीट पाहावी. हिरवट रंग आम्ल लावून आठवड्यात आणता येतो. परंतु शंभर वर्षांची वादीची घासण कोणाला सहजी करता येत नाही. कड्या असतील तर त्यांची जागा पाहावी. जनावराच्या पाठीवर लादावयाच्या नगाऱ्याच्या कड्यांना कारण असते, एका जागी बसणाऱ्याच्या कड्यांना ते नसते.

लेख असेल तर भाग्यच. काठावर किंवा पोटावर दात्याचे नाव व शक कोरलेला सापडतो. शकात 78 मिळविले की इसवी सन येतो. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या काही दिवसांसाठी 79 मिळवावे लागतात. वसई मराठ्यांनी घेतली ती शके 1661 मध्ये, म्हणजे इ. स. 1739 मध्ये, त्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी ओझरच्या विघ्नहराचा जीर्णोद्धार केला असे सांगतात. जुन्नर ही निजामशाहीची पहिली राजधानी, त्यामुळे इकडच्या जुन्या कागदांत सुहूर सनही भेटतो. त्यात 599 किंवा 600 मिळवावे. मात्र लेखातला शक हा देवाला वस्तू अर्पण केल्याचा असतो. भांडे त्याहून जुने असू शकते. एवढे सावधपण राखले म्हणजे पुरे.

ओळख पटली, आता डागडुजी. हात लावण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, तोंडाचा व्यास व खोली मोजावी, वादी कोणत्या भोकातून कोणत्या भोकात गेली आहे याचा कागदावर आराखडा काढावा. वादी एकदा कापली की तो विणीचा नमुना पुन्हा मिळत नाही. भांडे घासू नये. घट्ट, गुळगुळीत, काळपट वा हिरवट थर हा धातूचे पांघरूण आहे. भुगा होऊन झडणारी फिकट हिरवी पूड मात्र रोगाचे लक्षण समजावे. अभिषेकाचे पाणी, मीठ, दमट कोपरा यांनी तो रोग वाढतो. ती कोरड्या मऊ ब्रशाने काढावी, भांडे कोरड्या जागी ठेवावे आणि जाणत्याचा सल्ला घ्यावा. चिंच आणि आम्ल यांनी लेखाची अक्षरे झिजतात, हे विसरू नये.

पोचा काढणे हे तांबटाचे काम. तांबे ठोकले की कडक होते आणि कडक झालेले पुन्हा ठोकले की तडकते. म्हणून जाणता कारागीर ते आधी तापवून नरम करतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोडीची ही विद्या अजून टिकून आहे. चीर बुजवावयाची तर विजेच्या जोडकामाचा मोह आवरावा; जुने काम उलगडता येईल अशीच दुरुस्ती करावी.

कातडे म्हशीचे, कच्चे. पादत्राणांसाठी कमावलेले चामडे येथे चालत नाही. ते भिजवून, केस काढून, सारखे करून ओलेच तोंडावर घालावे आणि समोरासमोरच्या वाद्या आळीपाळीने ताणीत जावे. सावलीत सावकाश वाळू द्यावे. वाळताना कातडे स्वतःच आक्रसते, म्हणून ओले असताना अती ताण दिला तर ते फाटते. ताण वाढला की स्वर चढतो, तोंड मोठे असले की स्वर उतरतो; पावसाळ्यात हवेतले पाणी पिऊन कातडे सैल पडते, म्हणून आपले वडीलधारे नगारा शेकीत असत. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर लेख लिहिला. तबला व मृदंग यांना शाईमुळे सुरेल स्वर का येतो ते त्यांनी दाखविले. नगाऱ्याला तशी शाई नाही. त्याचा घुमारा ताणलेल्या कातड्याचा आणि भांड्यात कोंडलेल्या हवेचा. प्लास्टिकचे तोंड पावसाला भीत नाही हे खरे, पण तो घुमारा त्याला येत नाही. आणि जुने कातडे टाकू नये. चिठ्ठी बांधून जपून ठेवावे.

येथवर वस्तूविषयी बोललो. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. नगारा घडविला तांबटाने, वाजविला गुरवाने, घडशाने. परंतु मेलेल्या जनावराचे कातडे सोलून, शुद्ध करून ते देवाच्या पुढ्यात बसण्याजोगे केले ते ज्यांना आपण देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नाही त्यांनी. हातचे कातडे गाभाऱ्यापाशी गेले आणि हात बाहेर राहिले. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले, ही काही पुराणातली गोष्ट नव्हे. आज कातडे मढविणारे हात थोडे उरले आहेत. ज्या धंद्याला आपण कमीपणा दिला, त्या धंद्यातून मुलगा बाहेर पडला तर त्याला दोष कसा द्यावा? तो शिकला, पुढे गेला, हे योग्यच झाले. पण विद्या टिकवावयाची असेल तर तिला मोबदला व मान दोन्ही दिले पाहिजेत. घासाघीस करून मढविलेला नगारा आम्हांला अभिमानाने सांगण्याजोगा वाटत नाही.

आता तर पुष्कळ देवळांत आरतीला विजेचे यंत्र आहे. कळ दाबली की घंटा, झांज आणि नगारा एकदम वाजतात. त्यावर आम्ही राग धरीत नाही. पहाटेच्या आरतीला माणूस मिळत नाही ही अडचण खरी आहे. परंतु यंत्र आले म्हणून जुना नगारा अडगळीत टाकलाच पाहिजे असे नाही. सणाला, यात्रेला तो वाजवावा. वाजते वाद्य माणसाच्या नजरेत राहते. गोणपाटाखालचे नाहीसे होते आणि वर्षभर कोणाच्या ध्यानातही येत नाही. भांडे फारच जीर्ण असेल तर ते वाजवू नये, जपून ठेवावे; पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचे दालन आहे, ते एकदा पाहून यावे. आणि 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांची कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते, हे मोडवाल्याला बोलावण्यापूर्वी आठवावे.

आमची विनंती लहानशीच आहे. प्रत्येक देवस्थानाने एक वही करावी. नगाऱ्याची मापे, लेखाची नक्कल, कातडे कोणत्या साली बदलले आणि ते कोणी मढविले, हे तीत लिहावे. दात्याचे नाव तांब्यावर कोरलेले असते. मढविणाऱ्याचे कुठेच नसते. निदान वहीत तरी ते राहू द्या. डिंभ्याच्या धरणात जुने आंबेगाव बुडाले. ज्या वस्तू लोकांनी आधी उचलून नेल्या त्या वाचल्या. त्या कोणाच्या, कशाच्या, हे सांगणारी माणसे मात्र दरसाल कमी होत आहेत. तेवढ्यात लिहून घेऊ या.