बारा व्होल्टचा पंप आणि ओले हात



पत्रिकेत 'घरगुती बिअर' हे शब्द वाचून ज्यांनी आज पुढच्या खुर्च्या पटकावल्या आहेत, त्यांची थोडी निराशा होणार आहे. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि गुन्ह्याचे शिक्षण द्यावयास आम्ही येथे उभे राहिलेलो नाही. शिवाय दारूपायी धुळीला मिळालेले संसार आम्ही संघटनेच्या कामात इतके पाहिले आहेत की, त्या वस्तूचे कौतुक आमच्या तोंडून कुणी अपेक्षू नये. आम्हाला बोलावयाचे आहे ते एका पंपाविषयी. मुठीत मावेल एवढा तो पंप आहे. पण तो ज्या हौसेत रुळला ती हौस इंग्लंड-अमेरिकेतली असल्यामुळे तिची ओळख करून देणे भाग आहे.

इंग्लंडात १८८० पासून घरी बिअर करणाऱ्यास परवाना लागत असे. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. अमेरिकेत दारूबंदी १९३३ साली उठली, परंतु घरी बिअर करण्याची मोकळीक मिळावयास १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने कायदा झाला. एका प्रौढ माणसास वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरास २०० गॅलन, विक्री मात्र नाही, असे त्याचे स्वरूप आहे. अलाबामा व मिसिसिपी ही शेवटची राज्ये तर २०१३ मध्ये वळली.

कृती ऐकावयास सोपी आहे. मोड आणून वाळवलेले सातू भरडायचे आणि सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचे. सातूतल्या पिठुळाची साखर होते. तो गोड रस निथळून घ्यायचा, हॉप्स नावाच्या वेलाची फुले घालून तासभर उकळायचा, लवकर थंड करायचा आणि मग त्यात यीस्ट सोडायचे. प्रत्येक टप्प्याला रस एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जातो. वीस-पंचवीस लिटर उकळता रस म्हणजे पंचवीस किलोच्या वर ओझे, आणि हात घसरला की अंगावर. ज्याने कारखान्यात उकळत्या द्रवाचे पिंप उचलले आहे, त्यास याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पंप आला तो या ओझ्यासाठी आणि या भाजण्यासाठी.

आता पंपाची रचना पाहा. नेहमीच्या पंपात मोटरचा दांडा पाण्यात शिरतो आणि दांडा शिरतो तेथे सील असते. सील झिजले की गळती आली. या छोट्या पंपात दांडा बाहेरून आत जातच नाही. मोटरची वेटोळी आवरणात बंद असतात आणि आतल्या द्रवात एक चुंबक फिरते. त्याच्यावरच पंख्याचे चाक बसवलेले असते. कार्बनचे ब्रशही नाहीत, म्हणजे ठिणगीही नाही. युक्ती सुंदर आहे, पण तिचे दोन पथ्य आहेत. चुंबकाच्या आसाला वंगण म्हणून तोच द्रव मिळतो, तेव्हा पंप कोरडा चालवला की आस झिजलाच. दुसरे असे की, हा पंप पाणी वर ओढून घेत नाही. त्यास पाणी आपण होऊन यावे लागते. म्हणून तो भांड्याच्या तळाहून खाली बसवावयाचा, तोंड वरच्या बाजूस करून, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. आधी कॉक उघडून रस पंपातून वाहू द्यावा, मगच बटण दाबावे.

कॉक कोठे लावायचा, यावर पुष्कळांची गल्लत होते. प्रवाह कमी करावयाचा असेल तर तो बाहेर जाणाऱ्या नळीवर आवळावा, आत येणाऱ्या नळीवर कधीही नाही. कारण साधे आहे. उकळीच्या जवळ आलेल्या रसावरचा दाब जरा कमी झाला की त्याची वाफ होते. आतली वाट आवळली तर पंपाच्या तोंडाशी नेमके तेच घडते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप नुसता घरघरतो. म्हणून आतली नळी आखूड, रुंद आणि वळणांवाचूनची हवी. भांड्यात जाळी हवी, नाहीतर सातूची टरफले व फुलांचा चोथा चाकात अडकून बसतो. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी. नळी उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनची घ्यावी. पंपावर 'उंची ३ मीटर' असे छापलेले असले, तर ३ मीटरवर तो प्रवाह देईल असे समजू नये. त्या उंचीवर प्रवाह शून्य होतो.

विजेच्या जोडणीत एक गोष्ट आमच्या वायरमन मित्रांनाही नवी वाटते. घरच्या २३० व्होल्टवर बारीक तारेने फारसे बिघडत नाही, बारा व्होल्टवर मात्र बिघडते. पंप २ अँपिअर घेतो असे धरा, म्हणजे २४ वॅट. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ५ मीटर नेली, तर जाऊन-येऊन १० मीटर झाली आणि तिचा अडथळा ओहमच्या एक-तृतीयांशाइतका आला. वाटेतच ०.७ व्होल्ट गेले. २३० तून ०.७ गेले तर कोण विचारतो? बारातून गेले तर पंपाचा जोर उतरतो. तेव्हा तार जाड किंवा आखूड घ्यावी. अॅडॅप्टर ३ अँपिअरचा, अॅडॅप्टरजवळच फ्यूज आणि लाल-काळ्या तारांची अदलाबदल न होऊ देणे, एवढे सांभाळावे.

एवढा खटाटोप का? त्या हौशी माणसाने सरळ २३० व्होल्टचा पंप का आणू नये? कारण त्याचे हात ओले आहेत. ओल्या कातडीचा अडथळा ढोबळमानाने १००० ओहम धरतात. २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो, आणि साधारण ३० च्या पुढे तो टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. बारा व्होल्टला हाच हिशेब १२ मिलिअँपिअरवर येतो. प्रत्यक्षात इतक्या कमी दाबाला कातडीचा अडथळा पुष्कळ जास्त असल्याने प्रवाह त्याहूनही कमी जातो. इंग्लंडात बांधकामावरची हत्यारे ११० व्होल्टवर चालवण्याची रीत आहे, आणि मधला बिंदू जमिनीस जोडल्यामुळे माणसास फार तर ५५ व्होल्टच लागू शकतात. ही तीच अक्कल आहे.

येथे आमच्या धंद्याची एक गोष्ट बोलून टाकतो. त्या हौशी माणसाच्या घरात मालक तोच आणि मजूरही तोच. ओला हात त्याचा, आणि पंपाचे पैसेही त्याचेच. म्हणून चार पैसे जास्त मोजावयास तो क्षणभरही कचरत नाही. धुलाईखान्यात, डेअरीत, रंगाच्या खात्यात ओल्या फरशीवर उघड्या पायांनी पंप सरकवणारा एक असतो आणि पंप विकत घेणारा दुसरा. सुरक्षिततेवर बोलणी करावयास बसले की समोरून खर्चाचा आकडा येतो, ओल्या पायांचा विचार येत नाही. वर्षानुवर्षे आम्ही त्या टेबलाशी बसत आलो आहोत. यंत्र अवघड असते म्हणून हे होत नाही, एवढे या मुठीएवढ्या पंपाने सिद्ध केले आहे.

आणि आपल्या घरातले काय? उन्हाळा तोंडावर आला आहे. विदर्भ-मराठवाड्यात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, पुष्कळदा लेकरे आणि आया. कूलर म्हणजे दुसरे काय? पत्र्याची टाकी, तिच्यात पाणी, त्या पाण्यात बुडालेला २३० व्होल्टचा पंप, आणि टाकीत पाणी भरणारी, ओल्या जमिनीवर उभी असलेली बाई. बारा व्होल्टचे कूलर-पंप बाजारात मिळतात. ते घ्यावेत, परंतु पंखा २३० चाच राहतो हे विसरू नये. अॅडॅप्टर मानक ब्युरोच्या खुणेचा असावा आणि पाणी उडणार नाही असा उंचावर टांगावा. स्वस्त अॅडॅप्टरात आतला पडदा कच्चा असला तर बारा व्होल्टच्या तारेतून २३० व्होल्टच हाताशी येतात.

पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करणे पुरे नाही, पिन ओढून काढावी. पत्र्यास अर्थिंग आहे की नुसतेच तीन पायांचे प्लग आहे, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. मीटरच्या पेटीत ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळती-संरक्षक यंत्र बसवून घ्यावे. त्याच्यावर एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे, आणि दाबूनही वीज गेली नाही तर यंत्र त्याच आठवड्यात बदलावे.

प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पाठवाव्यात.