अंतर किलोमीटरचे, हिशेब तासांचा
(पहूर परिसरातील केळी उत्पादकांपुढे केलेले भाषण)



आपल्या पहूरवरून जाणारी पाचोरा-जामनेर छोटी गाडी 2020 मध्ये बंद झाली. 56 किलोमीटरला ती जवळजवळ दोन तास घेई. मुंबई ते दुबई हे हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर आहे. विमान ते तीन तासांत कापते. मग आपली केळी दुबईला तीन तासांत का जात नाहीत, असा प्रश्न साहजिकच मनात येतो.

आधी विमानाचा हिशेब पाहू. ताशी 850 किलोमीटर वेग धरला तर सव्वादोन तास येतात. पण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरणे यांत वेळ जातो. शिवाय घड्याळ फसवते. दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. सकाळी दहाला निघालेले विमान तिथल्या घड्याळात साडेअकराच्या सुमारास उतरते. प्रवास मात्र तीन तासांचाच झालेला असतो.

केळी हे वजनाला जड आणि किलोमागे कमी किमतीचे फळ आहे. त्याला विमानभाडे परवडत नाही. म्हणून ते शीत कंटेनरमधून जहाजाने जाते. न्हावाशेवा ते दुबईचे जेबेल अली बंदर हा सागरी मार्ग सुमारे 2,200 किलोमीटरचा आहे. ताशी 28 किलोमीटर वेगाने नुसते चालण्यालाच सव्वातीन दिवस लागतात. त्यात शेतातली कापणी, पॅकिंग, मुंबईपर्यंतची एक रात्र, दोन्ही बंदरांतील थांबे आणि तपासणी मिळवा. तीन तासांचे अंतर आठवड्यावर जाते.

घड कापला तरी फळाचा श्वास चालूच राहतो. उष्णतेत तो वाढतो आणि माल वाटेतच पिकू लागतो. तो दुबईत पिवळा होऊन उतरला तर भाव पडतो. यासाठी पुढील गोष्टी पाळा :

1. लांबच्या बाजारासाठी 75 ते 80 टक्के पक्वतेला घड कापा.
2. कापणी सकाळी लवकर करा. घड जमिनीवर किंवा उन्हात ठेवू नका.
3. फण्या धुऊन, निथळून त्याच दिवशी शीतगृहात न्या.
4. तापमान 13 ते 14 अंश सेल्सिअस ठेवा. त्याखाली गेल्यास साल काळवंडते व फळ नीट पिकत नाही.
5. कापणीची तारीख व वेळ लिहून ठेवा. प्रवासाचा हिशेब तेथूनच धरा.

जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 2021 मध्ये तांदलवाडीची 22 टन केळी दुबईला गेली. समुद्रातले दिवस आपल्या हातात नाहीत. कापणीपासून शीतगृहापर्यंतचे तास मात्र आहेत. तेवढे सांभाळले तर दुबई आपल्याला दूर नाही.