मागे सरायला जागा नसेल तेव्हा

बावड्याजवळ नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर आहे. अशा जुन्या देवळाच्या आवारात शिखरासकट सारं चौकटीत घ्यायचं, तर पाठीला भिंत लागते. वाइड अँगल लेन्सची खरी गरज तिथेच. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्सचे १८ मिलिमीटर १.५ पट क्रॉपच्या सेन्सरवर फुलफ्रेमच्या २७ इतकेच भरतात, तर १० मिलिमीटरचे १५. म्हणजे दृश्याचा कोन सुमारे ७६ अंशांवरून १०९ अंशांवर जातो. फरक मोठा आहे.

कुणी म्हणेल, चार फोटो जोडून पॅनोरमा होतोच की! दगडी भिंतीचा होतो. पण पालखी पुढे सरकत असेल, तर सांध्यावर माणसं तुटतात. मात्र उजनी धरणाच्या मोकळ्या पाण्यासाठी ही लेन्स घेऊ नका, भिगवणचे रोहित पक्षी त्यात ठिपके होतील. शिखरासाठी कॅमेरा वर कलवला, की भिंती आत झुकतात. तो समतल धरा आणि वरची जागा रुंद कोनातून मिळवा. दिवसाउजेडी एफ ८ पुरतं, त्यामुळे एफ २.८ च्या महागड्या लेन्सवर खर्च करण्याआधी गाभाऱ्याच्या अंधारात किती फोटो काढणार, याचा हिशेब करा.